वारांचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार होणारा रेल्वेचा रूळ पाहायला मिळाला, तर माणूस काही वेळ बोलायचे विसरतो. एकशे तीस मीटरचा एकसंध रूळ, आणि असे दोन जोडून झालेला दोनशे साठ मीटरचा. या टोकाला उभे राहिले तर त्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसतो. या रुळाचा गोल्फशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो सरळ आकड्यांचा आहे. २६० मीटर म्हणजे २८४ यार्ड. जगातले नामांकित व्यावसायिक खेळाडू ड्रायव्हरने पहिला फटका मारतात, तेव्हा चेंडू सरासरी तीनशे यार्डांच्या आसपास जातो. म्हणजे भिलाईच्या रुळाच्या एका टोकाला चेंडू ठेवून त्यांनी तो मारला, तर दुसरे टोक ओलांडून तो आणखी पंधरा पावले पुढे जाऊन थांबेल.

आणि आपल्यासारख्या हौशी माणसाचा? पाश्चात्त्य देशांत हौशी पुरुष खेळाडूंच्या फटक्यांची मोजणी झाली, तेव्हा ड्रायव्हरची सरासरी २१५ यार्डांच्या आसपास निघाली. रूळ संपायला अजून सत्तर यार्ड बाकी! गंमत अशी की, त्याच खेळाडूंना आधी विचारले असते, तर बहुतेकांनी अडीचशेचा आकडा सांगितला असता. गोल्फमधल्या लांब फटक्याची सगळी मेख या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

गोल्फ ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी आधी दोन शब्द. या खेळात समोर कुणी गोलंदाज नसतो. चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो आणि दूरवर हिरवळीच्या एका गुळगुळीत तुकड्यात, ज्याला ग्रीन म्हणतात, एक भोक असते. त्यात झेंडा रोवलेला. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या भोकात घालायचा. खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या, म्हणजे क्लब, ठेवता येतात. एक जास्त असली तर दंड. इयान वूस्नम या नामवंत खेळाडूला २००१ सालच्या ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या दिवशी पिशवीत पंधरावा क्लब सापडल्यामुळे दोन फटक्यांचा दंड बसला होता. तोही पहिल्याच होलवर उत्तम सुरुवात करून तो आघाडीवाल्यांत असताना.

चौदा क्लब कशासाठी? प्रत्येकाच्या तोंडाचा उतार वेगळा. उतार कमी तितका चेंडू खालून आणि लांब जातो, उतार जास्त तितका तो उंच चढतो आणि जवळ पडतो. ड्रायव्हर हा सर्वांत लांब पल्ल्याचा. त्यानंतर फेअरवे वूड, म्हणजे पूर्वी लाकडी आणि आता धातूच्या डोक्याचे क्लब. त्यानंतर आयर्न, तीन-चार नंबरपासून नऊ नंबरपर्यंत. एका आयर्नपासून पुढच्या आयर्नपर्यंत साधारण दहा ते पंधरा यार्डांचा फरक पडतो. म्हणून अंतर ओळखण्यात वीस यार्डांची चूक झाली, की क्लबही एक-दोन नंबरांनी चुकणारच. मग फटका कितीही देखणा बसो, चेंडू तळ्यात, वाळूत किंवा ग्रीनमागच्या झुडपात.

आता हा यार्ड. मराठी माणसाला तो परका नाही. यार्ड म्हणजे आपला वार. घरातली नऊवारी म्हणजे नऊ यार्ड. दीडशे यार्डांचा फटका म्हणजे जवळजवळ सतरा नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरून ठेवली, तेवढा. भिलाईचा कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला. १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास देशात मीटर-किलोग्रॅमची पद्धत लागू होत होती. त्यामुळे या नगरातल्या माणसाचा हात मीटरवर बसलेला, आणि गोल्फ मात्र इंग्रजांकडून आल्याने अजून वारातच मोजला जातो. शंभर यार्ड म्हणजे सव्वा एक्याण्णव मीटरहून थोडे अधिक. मैदानावर दीडशेची खूण पाहून ज्याने ते दीडशे मीटर समजून क्लब काढला, त्याचा चेंडू ग्रीनच्या पलीकडे गेलाच म्हणून समजा.

कल्पना करा, रेल मिलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी भिलाईत आले आणि मंडळी इथलीच झाली. घरात मराठी, दारात हिंदी, बाजारात छत्तीसगढी. निवृत्तीनंतर मुलाने एक जुना गोल्फ सेट आणून दिला आणि रविवारी नव्या रायपूरच्या मैदानावर जाण्याचा नाद लागला. सोबतीला बारा वर्षांची नात. आयुष्यभर मिलिमीटरमध्ये मापे घेतलेल्या या आजोबांना वाटले, अंतर ओळखण्यात आपल्याला कोण हरवणार? पहिल्याच दिवशी झेंडा १३० यार्डांवर आहे असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. खुणेच्या दगडावर आकडा होता १६५.

त्यांचे डोळे अधू झालेले नव्हते. मधे एक उथळ खोलगट भाग होता आणि तो त्यांच्या जागेवरून दिसतच नव्हता. डोळा अंतर मोजतो तो मधल्या जमिनीच्या आधाराने. मधली जमीन दडली, की दोन कडा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि झेंडा जवळ येतो. तळ्यावरून पाहताना हेच होते, कारण पाण्यावर नजरेला धरायला काही नसते. ग्रीनमागे उंच झाडे असली, तर झेंडा बुटका वाटून मनाचा अंदाज बिघडतो. चढावर अंतर एक दिसते आणि उतारावर दुसरेच. वाळूचा बंकर ग्रीनला टेकलेला आहे असे वाटते आणि जवळ जाऊन पाहावे, तर मधे वीस-पंचवीस यार्डांची मोकळी हिरवळ!

ही फसवणूक पुष्कळदा मुद्दाम केलेली असते. अमेरिकेतले ऑगस्टा नॅशनल हे जगप्रसिद्ध मैदान ज्यांनी आखले, त्या अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांचा मूळ पेशा डॉक्टरचा. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्यांनी पाहिले, की बोअर लोक जमिनीच्या उंचसखलपणाचा उपयोग करून समोर असूनही दिसत नाहीत. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सैन्यासाठी या लपण्याच्या विद्येचे काम केले. गोल्फची मैदाने आखताना तीच विद्या त्यांनी बंकर आणि ग्रीन यांच्या मांडणीत वापरली. तेव्हा डोळ्याने चकवले म्हणून आजोबांनी खजील व्हायचे कारण नाही. समोरचा बाण सैन्याच्या भात्यातला होता.

नुसत्या नजरेवर भरवसा ठेवला तर काय होते, याचे सर्वांत दूरचे उदाहरण चंद्रावरचे आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेत अ‍ॅलन शेपर्ड यांनी माती उचलायच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचे डोके बसवून चंद्रावर दोन चेंडू मारले आणि दुसरा मैलोगणती गेल्याचे हसत हसत सांगितले. पन्नास वर्षांनी, २०२१ साली, जुन्या छायाचित्रांवर नव्याने काम करून मोजले गेले, तेव्हा पहिला चेंडू २४ यार्ड आणि दुसरा ४० यार्ड गेल्याचे दिसले. जाड अंतराळपोशाखात एका हाताने मारलेला फटका तो, चाळीस यार्डही काही कमी नाहीत. पण त्याच मोहिमेतली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. शेपर्ड आणि मिचेल हे दोघे एका मोठ्या विवराच्या काठापर्यंत चालत निघाले होते. झाड नाही, घर नाही, हवेतला धूसरपणा नाही. तुलनेला काहीच नसल्याने जवळची टेकाडे दूर वाटत आणि दूरची जवळ. शेवटी काठ न सापडताच ते मागे फिरले. नंतर कळले, की काठ अवघ्या काही दहा-वीस-तीस मीटरांवर होता!

पृथ्वीवर आपल्याला आधार पुष्कळ आहेत. भारतीय माणसाजवळ तर एक माप जन्मापासून असते. क्रिकेटची खेळपट्टी, बावीस यार्डांची. गल्लीत विटांचे स्टंप लावून खेळलेल्या कुणालाही ती लांबी डोळे मिटून दिसते. अशा पाच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की ११० यार्ड, सात ठेवल्या की १५४. दुर्ग-भिलाईकरांना आणखी एक सोय आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रोज दारावरून जातात. आजच्या लाल रंगाच्या एलएचबी डब्याची लांबी साधारण साडेतेवीस मीटर, म्हणजे सव्वीस यार्डांच्या आसपास. फलाटावर उभे राहून आठ डब्यांपलीकडे पाहिले, की दोनशेहून थोडे अधिक यार्ड कसे दिसतात, हे चक्क तिकिटाशिवाय कळते. आजोबांनी मात्र आपला रूळच धरला. एकशे तीस मीटरचा, म्हणजे १४२ यार्डांचा. उरलेले अंतर एका रुळाचे की दीड रुळाचे, एवढेच ते मनाशी विचारू लागले आणि चूक पस्तीसवरून दहा-बारा यार्डांवर आली.

पावलांनी मोजायचे तर आधी आपले पाऊल मोजावे लागते. एक पाऊल म्हणजे एक वार, असे पुस्तकात ठीक आहे. सहज चालताना मध्यम उंचीच्या माणसाचे पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडते, म्हणजे शंभर पावलांत ८२ यार्डच होतात. हे ध्यानात न घेणाऱ्याचा प्रत्येक फटका कागदावर आपोआप लांबतो, ही त्यातली गोड बाजू.

पूर्वीचे मोठे खेळाडू नजरेनेच खेळत. १९६१ सालच्या अमेरिकन हौशी अजिंक्यपद स्पर्धेत डीन बीमन या मित्राने जॅक निक्लॉसला सुचवले, की सरावाच्या फेरीत झाडे, बंकर, पाण्याचे नळ यांपासून ग्रीनपर्यंतची अंतरे पावलांनी मोजून वहीत लिहून ठेव. निक्लॉसने ऐकले, ती स्पर्धा जिंकली आणि पुढे जन्मभर वही सोडली नाही. त्याच्यामागोमाग सगळ्यांच्याच खिशात वही आली. आता लेझरचे यंत्र दुर्बिणीसारखे डोळ्याला लावले, की झेंड्याचे अंतर क्षणात दिसते. २०१९ पासूनच्या नियमांनुसार, स्पर्धेच्या आयोजकांनी मनाई केली नसेल, तर असे यंत्र वापरायला मुभा आहे. मात्र चढउताराचा हिशेब करून देणारी सोय बंद ठेवावी लागते. अनेक मैदानांवर यंत्राचीही गरज पडत नाही. शंभर, दीडशे आणि दोनशे यार्डांवर खुणा असतात, पुष्कळ ठिकाणी अनुक्रमे लाल, पांढरी आणि निळी. या खुणा बहुधा ग्रीनच्या मध्यापासूनचे अंतर सांगतात, झेंड्यापासूनचे नव्हे. ग्रीन तीस यार्ड खोल असले आणि झेंडा मागच्या कडेला असला, तर एका क्लबाचा फरक तिथेच पडतो.

इतके सगळे झाले आणि अंतर अचूक कळले, तरी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे जास्त अवघड आहे, कारण तिथे मोजायचे असते स्वतःला.

आजोबांच्या मनात पक्के होते, की पाच नंबरच्या वूडने आपण १८० यार्ड मारतो. एकदा मारलाही होता. मे महिन्याच्या दुपारी, तापून कडक झालेल्या जमिनीवर चेंडू पडला आणि टणाटण उड्या मारत पुढे गेला. तो एक फटका त्यांनी मनात जपून ठेवला होता, जसे आपण दहावीच्या गणितातले गुण जपून ठेवतो. नातीने एका सकाळी वही घेतली आणि सरावाच्या मैदानावर वीस चेंडू मारायला लावले. प्रत्येक चेंडू हवेतून कुठे पडला ते लिहायचे, घरंगळत कुठे गेला ते नाही. वीस चेंडूंमध्ये सर्वांत लांब पडलेला १६८ यार्ड, सर्वांत जवळ पडलेला १३०, सरासरी १५५.

“आजोबा, एकशे पंचावन्न लिहू ना?” तिने विचारले.

“एकशे पासष्ट लिही. आज हात जड आहे.”

नातीने १५५ लिहिले.

हा हट्ट फक्त आजोबांचा नाही. बहुतेक हौशी खेळाडूंचे बहुतेक फटके झेंड्याच्या अलीकडेच पडतात, आणि त्याचे मोठे कारण हेच, की प्रत्येक जण आपल्या सर्वोत्तम फटक्याच्या भरवशावर क्लब निवडतो. शेजारच्याने सात नंबरने मारले, मग मी सहा नंबर कसा काढू, असा मानापमानाचा भाग असतो. त्यात पुरुषमंडळी जास्त सापडतात, हे सांगायला संशोधनाची गरज नसावी. शिवाय शेजाऱ्याच्या सात नंबरवर जाणे मुळातच चुकीचे. अलीकडचे कारखाने त्याच नंबराच्या आयर्नचा उतार पूर्वीपेक्षा कमी ठेवतात. जुन्या सात नंबरच्या आयर्नचा उतार चौतीस अंशांच्या आसपास असे, नव्यांत तो तीस किंवा त्याहूनही कमी आढळतो. म्हणजे शेजाऱ्याच्या नव्या सेटमधला सात नंबर हा आजोबांच्या जुन्या सेटमधला सहा नंबर असतो. फक्त क्लबावर आकडा वेगळा कोरलेला.

हवेतले अंतर आणि घरंगळण्यासह एकूण अंतर यांतला भेद का महत्त्वाचा, ते एका उदाहरणाने पटेल. आजोबांचा चेंडू झेंड्यापासून १८५ यार्डांवर आहे. मधे तळे. तळ्याचा अलीकडचा काठ १३५ यार्डांवर, पलीकडचा १६० यार्डांवर. ‘मी १८० मारतो’ हा हिशेब सांगतो, की पाच नंबरचा वूड काढा, तळे सहज पार. वहीतला हिशेब सांगतो, की त्या वूडने चेंडू हवेतून सरासरी १५५ जातो, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तो तळ्यात पडेल. तळ्याला तुमच्या घरंगळण्याशी कर्तव्य नसते. पाण्यात गेला की एक फटक्याचा दंड आणि पुन्हा तळ्याच्या अलीकडून सुरुवात. याउलट सात नंबरच्या आयर्नने ११५ मारला आणि दहा घरंगळला, तर चेंडू १२५ वर, काठाच्या दहा यार्ड अलीकडे कोरडा. पुढे साठ यार्डांचा सोपा फटका. बघणाऱ्यांना त्यात काही शौर्य दिसत नाही, हे खरे.

मग लांब फटका कधीच मारू नये का? तसे मुळीच नाही, आणि इथे आपल्या देशाचेच एक उदाहरण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक महिलांच्या गोल्फमध्ये उतरली, तेव्हा जागतिक क्रमवारीत ती दोनशेव्या क्रमांकावर होती. त्या वर्षी तिला कोविड होऊन गेला होता आणि आधीच बेताचा असलेला तिचा पल्ला आणखी कमी झाला होता. साठ खेळाडूंमध्ये पहिल्या फटक्याच्या लांबीत ती जवळजवळ तळाला होती. तिच्यासोबत खेळणाऱ्या नेली कोर्डाचा चेंडू तिच्या कितीतरी पुढे जाई. कोर्डा तिथून आखूड आयर्नने ग्रीनवर चेंडू टाकी आणि अदितीला त्याच ग्रीनसाठी हायब्रिड किंवा फेअरवे वूड काढावा लागे. पिशवी तिच्या आईच्या खांद्यावर होती. २०१६ साली रिओत हेच काम वडिलांनी केले होते.

चार दिवस हे चालले. अंतर किती, वारा कुठला, कुठला वूड, यावर मायलेकींची चर्चा होई, फटका बसे आणि पुढचे काम अदितीचा पटर करी. पटर म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकात ढकलायचा क्लब, आणि त्यात तिचा हात धरणारे त्या स्पर्धेत कुणी नव्हते म्हटले तरी चालेल. तीन दिवस ती पदकाच्या जागेवर होती. चौथ्या दिवशी अखेरच्या होलपर्यंत आशा होती. शेवटी कोर्डा पारपेक्षा सतरा फटके कमी, जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को सोळा कमी, अदिती पंधरा कमी. एका फटक्याने पदक गेले आणि चौथा क्रमांक आला. त्या सकाळी भारतात असंख्य घरांत, पार आणि बर्डी म्हणजे काय हे एकमेकांना विचारत, लोक दूरचित्रवाणीसमोर बसले होते. याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन मानेही खेळला होता, पण त्याच्या वाट्याला एवढी चर्चा आली नाही.

अदितीच्या त्या खेळातून लांब फटक्याविषयी शिकण्यासारखे बरेच आहे. कमी पल्ल्याच्या खेळाडूने जोर वाढवायचा नसतो, क्लब वाढवायचा असतो. पाच नंबरचे आयर्न जिवाच्या आकांताने मारण्यापेक्षा हायब्रिड सहज झुल्याने मारला, तर चेंडू सरळही जातो आणि उंचावरून पडल्याने ग्रीनवर थांबतोही. हायब्रिड हा वूड आणि आयर्न यांच्यामधला क्लब, या शतकाच्या सुरुवातीपासून फार लोकप्रिय झालेला. तीन आणि चार नंबरची लांब आयर्ने मारणे इतके कठीण, की हौशी माणसाने ती विकून टाकून हायब्रिड घ्यावेत असा सल्ला आज जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षक देतो. तीन नंबरचा वूडसुद्धा जमिनीवरून नीट उचलायला हात तयार लागतो. पाच किंवा सात नंबरचा वूड पुष्कळांना प्रत्यक्षात अधिक लांब जातो, कारण तो हवेत चढतो.

कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरसियाचेही तसेच. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखण्याच्या कामावर, आणि पोराने खेळ शिकला तो पाहून पाहून. लांब मारणाऱ्यांत त्याची गणना कधीच झाली नाही. पण २००८ साली दिल्ली गोल्फ क्लबवर त्याने इंडियन मास्टर्स ही युरोपीय दौऱ्यातली स्पर्धा जिंकली आणि २०१६ व २०१७ असा लागोपाठ दोनदा इंडियन ओपनही. दिल्लीच्या त्या मैदानावर दोन्ही बाजूंची झाडी इतकी दाट आहे, की लांब मारणारे खेळाडूही पुष्कळ होलवर ड्रायव्हर पिशवीतच ठेवतात.

क्लब काढण्यापूर्वी चेंडू कसा पडला आहे हे पाहणे राहून जाते. तो आखूड गवतावर नीट बसला असेल, तरच वूडचा विचार करावा. उंच गवतात रुतला असेल, तर झेंडा कितीही दूर असो, आठ-नऊ नंबरच्या आयर्नने आधी बाहेर काढावा. ओल्या गवतात चेंडू आणि क्लब यांच्यामध्ये पाणी येते, चेंडूची उलटी फिरकी कमी होते आणि तो अनपेक्षितपणे सुसाट निघून जातो. बंकरमध्ये असेल तर बंकरची कड किती उंच आहे ते आधी आणि अंतर नंतर.

वाऱ्याचा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. समोरचा वारा जेवढे नुकसान करतो, तेवढा फायदा मागचा वारा देत नाही. ढोबळ नियम असा, की ताशी दहा मैलांचा समोरचा वारा सुमारे दहा टक्के अंतर खातो आणि तेवढाच मागचा वारा जेमतेम पाच टक्के वाढवतो. समोरच्या वाऱ्यात जोरात मारले की चेंडूची फिरकी वाढते, तो आणखी वर चढतो आणि जागेवरच पडतो. अशा वेळी एक-दोन क्लब जास्त घेऊन हलक्या हाताने मारावे. चढावर दर यार्ड उंचीला साधारण एक यार्ड मिळवावा, उतारावर तेवढाच वजा करावा.

कुठला क्लब घेऊ, हे कुणाला विचारावे का? सरावाच्या खेळात खुशाल विचारा. स्पर्धेत मात्र हा सल्ला फक्त आपल्या कॅडीला किंवा जोडीदाराला विचारता येतो. प्रतिस्पर्ध्याला “तुम्ही आत्ता कुठल्या नंबरने मारलात?” असे सहज विचारले, तरी दंड होतो. झेंडा किती यार्डांवर आहे हे विचारले तर दंड नाही, कारण अंतर ही सर्वांसाठी उघडी माहिती आहे. नव्या खेळाडूंचा, विशेषतः गप्पिष्ट खेळाडूंचा, इथे हमखास घोळ होतो.

१९३५ साली ऑगस्टाच्या पंधराव्या होलवर जीन सॅराझेन आपल्या कॅडीशी असाच खल करत उभा होता. २३५ यार्ड बाकी, समोर पाणी, आघाडीवाला तीन फटके पुढे. तीन नंबरचा वूड की चार नंबरचा? चेंडू जमिनीत थोडा दबलेला होता, म्हणून तीनने तो वर उचलला जाणार नाही असे ठरले आणि चार निघाला. चेंडू पाणी ओलांडून ग्रीनवर पडला आणि सरळ भोकात गेला. एका फटक्यात तीनही फटक्यांची तूट भरून निघाली आणि दुसऱ्या दिवशीच्या जादा फेऱ्यांत सॅराझेनने ती मास्टर्स स्पर्धा जिंकली. लोकांच्या लक्षात राहिला तो भोकात गेलेला चेंडू. पण निर्णय झाला होता तो चेंडूखालची जमीन बघून, अंतर बघून नव्हे.

आता थोडे भिलाई-रायपूरच्या हवामानाविषयी. समुद्रसपाटीपासूनची इथली उंची तीनशे मीटरच्या आतबाहेर, तिचा चेंडूवर परिणाम दोन-तीन यार्डांपलीकडे होत नाही. तापमानाचा मात्र होतो. गरम हवा विरळ असते, चेंडूही उबेने जास्त उसळतो. दर दहा अंश सेल्सियसला लांब फटक्यात साधारण तीन यार्डांचा फरक धरावा. दमट हवा जड असते आणि चेंडू अडवते, हा समज मात्र चुकीचा आहे. बाष्पयुक्त हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. पावसाळ्यात चेंडू कमी जातो तो ओल्या, मऊ जमिनीमुळे. पडला तिथेच बसतो, घरंगळतच नाही. मे महिन्यात वीस-तीस यार्ड घरंगळण्याची सवय झालेल्या माणसाला जुलैमध्ये वाटते, आपले अंगच गेले.

आजोबांना तसे वाटले होते. जुलैच्या एका रविवारी ते फार गप्प गप्प परतले. नातीने वही उघडून दाखवली. पाच नंबरचा वूड, हवेतून सरासरी १५४. उन्हाळ्यातल्या आकड्याहून अवघा एक यार्ड कमी. कमी झाले होते ते घरंगळणे. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत, एक हवेतल्या अंतराचा आणि एक एकूण अंतराचा, आणि तळे असले की पहिलाच रकाना वाचायचा असे घरात ठरले आहे.

डिसेंबर-जानेवारीत भिलाईकडची सकाळ बारा-तेरा अंशांवर असते. गवतावर दव, अंगात स्वेटर आणि हात आखडलेले. उन्हाळ्याच्या दुपारी जो चेंडू १५५ जातो, तो अशा सकाळी १४५ गेला तर नवल नाही. म्हणून सकाळी दहा वाजेपर्यंत, ऊन अंगाला लागेतो, प्रत्येक फटक्याला एक क्लब जास्त घ्यावा. आणि वापरायचे चेंडू आदल्या रात्री गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावेत, गार चेंडू आणखी कमी जातो.